नवा गुमास्ता आणि हिशेबाचा कागद

जव्हार-मोखाड्याच्या बाजूला मोगऱ्याची लागवड आता बरीच झाली आहे. पहाटे कळ्या खुडायच्या, वजन करायचे आणि माल दादरच्या फूलबाजाराकडे रवाना करायचा, हा क्रम कित्येक घरांच्या अंगवळणी पडला आहे. समजा, अशा बायकांच्या एका गटाने आपला हिशेब संगणकावर ठेवला. कोणी किती किलो कळ्या दिल्या, भाव काय मिळाला, कोणाची किती उचल बाकी आहे, सगळे त्यात. आणि त्या हिशेबावर एक ‘एआय एजंट’ नेमला. हा एजंट विम्याचा नव्हे बरं का! आपण साध्या भाषेत सांगितलेले काम समजून घेऊन ते संगणकावर आपणच पार पाडणारी ही यंत्रणा. जुन्या पेढीवरचा गुमास्ता डोळ्यांपुढे आणा, म्हणजे झाले.

गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, “या महिन्याचा अहवाल दादरच्या व्यापाऱ्यांना पाठव.” अहवाल गेला. पण गेला तो विक्रीचा नव्हे. प्रत्येक बाईची उचल नावानिशी मांडलेला गेला! कोणाला पैशाची किती निकड आहे हे व्यापाऱ्याला आयतेच कळले. उद्या भाव ठरवताना तो ते विसरेल काय?

चूक यंत्राची, असे आपण चटकन म्हणू. पण जरा थांबा. एजंटाच्या हाती काही साधने दिलेली असतात : एक हिशेब वाचायचे, एक अहवाल तयार करायचे, एक पाठवायचे. प्रत्येक साधनाला नाव असते, दोन-चार ओळींचे वर्णन असते आणि ते चालवताना कोणती माहिती भरायची याची यादी असते. अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची खुली पद्धत जाहीर केली, तीतही साधनाची ओळख अशीच करून देतात. साधनाच्या आत काय चालते ते एजंटाला सहसा दिसत नाही. कोणते साधन उचलावे हे तो मुख्यतः वर्णन वाचूनच ठरवतो. आणि आपल्या गटाच्या साधनाचे वर्णन काय होते? “अहवाल शेअर करते.” अवघे तीन शब्द!

शिक्षक बंधुभगिनींना यात नवल वाटणार नाही. रजेवर जाताना बदली शिक्षकासाठी आपण चिठ्ठी ठेवतो, ‘वही कपाटात आहे’. कोणती वही? आपल्याला कपाट पाठ असते, म्हणून चिठ्ठी पुरेशी वाटते. माझ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही हीच खोड दिसते. लिहिणाऱ्याला माहीत असलेले नेमके कागदावर नसते.

तेव्हा ते वर्णन असे लिहून पाहू : “गटाच्या एका महिन्याच्या विक्रीचा अहवाल दिलेल्या ईमेल पत्त्यावर पाठवते. यात एकूण वजन, सरासरी भाव व एकूण रक्कम असते. सभासदांची नावे व उचल नसते. गटाबाहेर अहवाल द्यायचा असल्यास हेच साधन वापरावे. पाठवलेला अहवाल परत घेता येत नाही, म्हणून आधी पत्ता व महिना दाखवून अध्यक्षांची संमती घ्यावी.” यात काय नसते, हे वाक्य लोक हटकून विसरतात, आणि खरा घोळ तिथेच होतो. मात्र वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. उचलीची यादी बाहेर जाऊच नये असे वाटत असेल, तर ती पाठवण्याची सोय साधनातूनच काढून टाकली पाहिजे.

भरायच्या माहितीचेही तसेच. ‘वर्ष’ म्हटले तर जानेवारी ते डिसेंबर, की एप्रिल ते मार्च? ‘जिल्हा’ म्हटले तर? पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधी जव्हार ठाणे जिल्ह्यात होते. एखाद्या संस्थेचे जुने अहवाल ठाण्याच्या नावाखाली असतील, तर २०१२ सालचा जव्हारचा अहवाल पालघरखाली शोधणारा एजंट रिकाम्या हाताने येईल आणि “त्या वर्षी विक्री झाली नाही” असे खुशाल सांगेल. विक्री नसणे वेगळे, अहवाल न सापडणे वेगळे. उत्तर रिकामे आले तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, तेही वर्णनात हवे.

आणि आपल्याकडची नेहमीची अडचण म्हणजे रेंज. पाड्यावरून अहवाल पाठवला, मध्येच रेंज गेली, पोच आली नाही. एजंट पुन्हा पाठवतो. व्यापाऱ्याकडे एकाच मालाचे दोन अहवाल! म्हणून लिहावे : “पोच न आल्यास आधी पाठवलेल्या पत्रांची यादी पाहावी, त्यात अहवाल नसेल तरच पुन्हा पाठवावा.”

वर्णन लिहून झाले की ते गटाबाहेरच्या कोणाला तरी, घरातल्या नववी-दहावीच्या मुलीला दिले तरी चालेल, वाचायला द्यावे. सगळ्या साधनांची वर्णने तिच्यापुढे ठेवून विचारावे, “व्यापाऱ्याला हिशेब पाठवायचा आहे, यातले कोणते घेशील?” ती अडखळली, तर ज्या शब्दापाशी अडखळली तो शब्द बदलावा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाला विचारावे.