‘उंची वाढवणारी’ गोळी आणि आपली मुलं

शहाड स्टेशनकडून उल्हासनगर कॅम्प १ मध्ये आलात की संध्याकाळी जिमसमोर पोरांची गर्दी दिसते. परवा माझा १७ वर्षांचा भाचा मोबाईल पुढे करून म्हणाला, "मामू, ही गोळी घेतली की बॉडी बनते, उंचीपण वाढते." गोळीचं नाव एमके-६७७, म्हणजे इब्युटामोरेन. डबीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं : फक्त संशोधनासाठी.

ही गोळी स्वतः ग्रोथ हार्मोन नाही. ते हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी बनवते, आणि ते थोडं थोडं, ठरावीक वेळाने सुटतं, सर्वात जास्त गाढ झोपेत. मेंदूचाच एक संदेश म्हणतो 'सोड', दुसरा म्हणतो 'थांब'. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांना तिसरा संदेश सापडला, तोही चक्क पोटातून निघणारा : घ्रेलिन. पोट रिकामं असलं की तो वाढतो, भूक लागते आणि पिट्युटरीलाही हार्मोन सोडायचा इशारा मिळतो. एमके-६७७ याच घ्रेलिनची नक्कल करते. म्हणून ती घेणाऱ्याला भूकही खूप लागते.

आता फायदा किती? ६० वर्षांवरच्या ६५ निरोगी माणसांवर झालेला अभ्यास २००८ मध्ये छापून आला. वर्षभर गोळी घेणाऱ्यांचं चरबी सोडून उरणारं वजन थोडं वाढलं, पण ताकद वाढली नाही. उलट रक्तातली साखर चढली. आपल्याकडे घरटी कुणाला ना कुणाला शुगर आहे, तेव्हा ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांवरचा दुसरा प्रयोग तर हृदयावर ताण येण्याच्या भीतीने मध्येच थांबवावा लागला. आणि उंचीचं म्हणाल तर हाडांच्या टोकाची वाढीची पट्टी एकदा बंद झाली की कुठलीही गोळी ती उघडत नाही. खेळाडूंना तर हे औषध पूर्ण बंदी आहे. डोपिंग चाचणीत सापडलं की करिअर संपलंच समजा.

पण मूल खरंच वयाच्या मानाने बुटकं राहत असेल तर? मग जिम नाही, हार्मोनतज्ज्ञ डॉक्टर गाठा. आधी उंचीची नोंद आणि हाताचा एक्स-रे बघतात. गरज वाटली तर उपाशीपोटी क्लोनिडीनची गोळी देऊन ठरावीक अंतराने रक्त काढतात, हार्मोन सुटतं की नाही ते कळतं. या गोळीने रक्तदाब उतरतो, झोप येते, म्हणून मुलाला तिथेच झोपवून ठेवतात. अम्मी-अब्बांपैकी एकाने त्या दिवशी सुट्टी काढावी.