‘मला चढत नाही’ : किशोरवयीन मेंदू, दारू आणि पुरावा

पेट किंवा नेट-सेटची तयारी करणाऱ्या अनेकांना विषय निवडताना ‘तरुणाई आणि व्यसन’ हा विषय जवळचा वाटतो. विषय चांगलाच आहे. पण मुलाखतीत समोरून प्रश्न येतो, "हे दारूमुळेच झालं, कशावरून?" आणि तिथे गाडी अडते. म्हणून आज दोन गोष्टी सोबत बघू. तेरा ते एकोणीस या वयात दारू नेमकं काय करते, आणि ते आपल्याला कळलं कसं?

दारू मेंदूत जाऊन काय करते?

दारूतला मुख्य घटक इथेनॉल. रेणू लहान, पाण्यात सहज मिसळणारा. त्यामुळे पोट आणि लहान आतड्यातून तो रक्तात जातो आणि काही मिनिटांत मेंदूत पोचतो. तिथे तो ‘गाबा’ या रसायनाचं काम वाढवतो. गाबा म्हणजे मेंदूचा ब्रेक. त्याच वेळी चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचं काम तो दाबतो. म्हणून जीभ जड होते, तोल जातो, झोप येते. यकृत हे इथेनॉल आपल्या ठरलेल्या गतीनेच मोडतं. लिंबूपाणी, कॉफी किंवा थंड आंघोळ यांनी ती गती वाढत नाही.

आता हेच इथेनॉल सोळा वर्षांच्या मेंदूत गेलं तर? या वयात मजा आणि बक्षीस शोधणारी यंत्रणा जोरात असते. पण ‘थांब, विचार कर’ म्हणणारा कपाळामागचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, पंचविशीच्या आसपासपर्यंत घडतच असतो.

ब्रेकची जाणीवच कमी

मोठ्या माणसाला दोन-तीन पेगनंतर पेंग येते, पाय लटपटतात. हे त्रासदायक वाटलं तरी तो शरीराचा ‘आता बस्स’ असा निरोप असतो. किशोरवयात हा निरोप उशिरा येतो.

हे दाखवणारं महत्त्वाचं काम अमेरिकेतल्या बिंगहॅमटन विद्यापीठात लिंडा स्पिअर यांच्या गटाने उंदरांवर केलं. उंदराचं ‘पौगंड’ साधारण २८ ते ४२ दिवसांचं असताना येतं. प्रयोगाची पद्धत अगदी सोपी आहे. वजनाच्या प्रमाणात इथेनॉल द्यायचं, गुंगी आली की उंदराला पाठीवर ठेवायचं आणि तो पुन्हा पालथा व्हायला किती वेळ घेतो ते मोजायचं. लहान वयाचे उंदीर प्रौढांपेक्षा लवकर उठले.

इथे थांबा. तुम्ही परीक्षक असता तर काय विचारलं असतं? "त्यांचं शरीर दारू लवकर मोडत असेल, म्हणून उठले!" बरोबर. म्हणूनच १९९८ च्या अभ्यासात उठल्याच्या क्षणी मेंदूतलं अल्कोहोलही मोजलं गेलं. ते लहान उंदरांमध्ये प्रौढांपेक्षा जास्त निघालं. म्हणजे दारू उतरली नव्हती, फक्त मेंदूला गुंगी कमी जाणवत होती. पर्यायी स्पष्टीकरण शोधून ते मोजमापाने बाद करणं म्हणजे काय, याचं हे छान उदाहरण आहे.

पण सगळ्याच बाबतीत लहान मेंदू ‘दणकट’ नसतो. त्याच सुमारास ड्यूक विद्यापीठातल्या गटाने उंदरांना पाण्यातली लपलेली फळी शोधायला शिकवलं. दारू दिल्यावर किशोर उंदरांचं शिकणं प्रौढांपेक्षा जास्त बिघडलं. आणखी एक गंमत म्हणजे थोड्या मात्रेत किशोर उंदीर सोबत्यांशी जास्त खेळायला लागले, प्रौढांमध्ये मात्र तसं दिसलं नाही.

आता तिन्ही गोष्टी एकत्र ठेवा. गुंगी कमी, सोबतीची मजा जास्त, स्मृतीचं नुकसान जास्त. म्हणजे थांबवणारी बाजू लंगडी आणि पुढे ढकलणारी बाजू भक्कम. ‘मला चढत नाही’ हे ताकदीचं लक्षण नाही. नुकसान होत असतं, फक्त त्याची सूचना मिळत नाही.

माणसांत अशा वयात दारू देऊन प्रयोग करायला कोणतीही नैतिकता समिती परवानगी देणार नाही. त्यामुळे लिहिताना ‘उंदरांमध्ये असं दिसलं’ असंच लिहायचं. तरीही एक गोष्ट माणसांत वारंवार दिसते, ती म्हणजे ब्लॅकआउट. रक्तातलं अल्कोहोल झपाट्याने चढलं की हिप्पोकॅम्पस नवी आठवण नोंदवणं थांबवतो. मुलगा बोलतो, चालतो, गाडीची चावीही मागतो, पण सकाळी त्याला काहीच आठवत नाही. बेशुद्ध पडणं आणि ब्लॅकआउट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गल्लत करू नका.

वागण्याबद्दल २००५ चा गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांचा अभ्यास जरूर वाचा. संगणकावरच्या गाडी चालवण्याच्या खेळात किशोरांनी मित्र सोबत असताना एकट्यापेक्षा जास्त धोका पत्करला. प्रौढांमध्ये हा फरक दिसला नाही. यात दारूचा थेंबही नव्हता! दारू नसतानाच ही परिस्थिती, मग वर दारू आली तर काय होईल याचा अंदाज तुम्हीच करा.

आधी कोंबडी की आधी अंडं?

आता जरा अवघड भाग. १९९७ मध्ये ग्रँट आणि डॉसन यांनी अमेरिकेतल्या ४२ हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली. चौदाव्या वर्षी किंवा त्याआधी प्यायला सुरुवात केलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त लोक आयुष्यात कधी ना कधी दारूवर अवलंबून झाले होते. विशीत किंवा नंतर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होतं.

आकडा पाहून निष्कर्ष लगेच तोंडावर येतो : लवकर सुरुवात केली की व्यसन लागतं. पण १९९९ मध्ये प्रेस्कॉट आणि केंडलर यांनी जुळ्या भावंडांचा अभ्यास करून उलट सांगितलं. त्यांच्या मते लवकर सुरुवात आणि पुढचं व्यसन, दोन्ही एकाच कौटुंबिक प्रवृत्तीतून येतात. एक दुसऱ्याचं कारण नाही.

मग मार्ग काय? मुलांनी सुरुवात करण्याआधीच मोजमाप सुरू करायचं. अमेरिकेतल्या एबीसीडी अभ्यासात नऊ-दहा वर्षांची ११ हजारांहून जास्त मुलं घेतली आणि त्यांच्या मेंदूची चित्रं वर्षानुवर्षं काढली जात आहेत. २०२४ मध्ये त्यातून एक निष्कर्ष आला. पंधराव्या वर्षाआत दारू, तंबाखू किंवा गांजा सुरू करणाऱ्या मुलांच्या मेंदूतले काही फरक सुरुवात करण्याआधीपासूनच होते. दुसरीकडे, एनसीएएनडीए या दुसऱ्या दीर्घकालीन अभ्यासात २०१८ मध्ये दिसलं की जास्त पिऊ लागलेल्या मुलांमध्ये मेंदूच्या पुढच्या भागातला करडा पदार्थ अधिक वेगाने कमी होत होता. म्हणजे काही फरक आधीचे आणि काही नंतर वाढणारे. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

मग वाद मिटेपर्यंत थांबायचं का?

अजिबात नाही. दीर्घकालीन कारणांवर वाद आहे, त्या रात्रीच्या धोक्यावर नाही. मोटार वाहन कायद्यात रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि ‘मला चढत नाही’ म्हणणारा ती कधीच ओलांडून बसलेला असू शकतो. शेवटचा घोट घेतल्यानंतरही रक्तातलं प्रमाण काही काळ वाढतच राहतं. म्हणून बेशुद्ध मित्राला ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून एकटं सोडायचं नाही. त्याला कुशीवर वळवा, श्वासावर लक्ष ठेवा, हलवूनही जाग येत नसेल किंवा श्वास मंद झाला तर १०८ ला फोन करा. उलटी श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो.

आता थोडा गृहपाठ. अमेरिकेत कारपेंटर आणि डॉबकिन यांनी २००९ मध्ये एकविसाव्या वाढदिवसाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या तरुणांची तुलना केली. दारू कायदेशीर होताच मृत्युदर सुमारे ९ टक्क्यांनी वाढलेला दिसला. वाढदिवसाच्या चार दिवस आधी आणि नंतर माणूस तोच असतो, बदलतो तो कायदा, म्हणून ही तुलना भक्कम. आपल्या महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ अशी दोन वयं आहेत. मग अशीच तुलना इथे जमेल का? माहिती कुठून आणाल? वय न विचारताच बाटली मिळत असेल तर या पद्धतीचं काय होईल? एका पानात लिहून काढा. सिनॉप्सिसची सुरुवात अशाच एका पानातून होते.