‘चिमणी’तून आत : केंब्रिजचे जीझस कॉलेज

इंग्लंडमधील केंब्रिज पाहावयास गेलेला प्रवासी बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो विद्यापीठ कोठे आहे हा, आणि बोट दाखवून त्याचे उत्तर देणे तेथील रहिवाशालाही जड जाते. १२०९ मध्ये ऑक्सफर्डहून निघून आलेल्या काही विद्वानांनी या गावी बस्तान बसवले, तेव्हा त्यांच्यापाशी स्वतःची इमारत नव्हती. पुढे त्यांच्या निवासाकरिता एकेक देणगीदार एकेक कॉलेज उभारीत गेला. त्यांतले सर्वांत जुने पीटरहाउस १२८४ चे आहे, आणि आज अशी ३१ कॉलेजे मिळून हे शहर झाले आहे. मराठी वाचकाचा घोटाळा होतो तो ‘कॉलेज’ या शब्दापाशी. १८५७ चे मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाले, त्यात शिकवण्याचे काम कॉलेजांचे आणि परीक्षा घेऊन पदवी देण्याचे काम विद्यापीठाचे, अशी वाटणी होती. केंब्रिजमध्ये व्याख्याने, प्रयोगशाळा, परीक्षा आणि पदवी हे सारे विद्यापीठाकडे असून विद्यार्थी निवडणे, त्याला खोली आणि जेवण देणे आणि दोनतीन विद्यार्थ्यांना एका शिक्षकासमोर बसवून त्यांच्याकडून अभ्यास करवून घेणे, ज्याला तेथे ‘सुपरव्हिजन’ म्हणतात, ते कॉलेजाकडे असते. म्हणजे केंब्रिजचे कॉलेज हे आपल्या अर्थाने महाविद्यालय नसून एक मोठे, श्रीमंत आणि काहीसे सोवळे पाळणारे घर आहे.

या घराची रचना वाडा पाहिलेल्या माणसाला चटकन उमगते. मोठ्या दरवाजात कापलेली लहान दिंडी, आत शिरताच देवडीवर बसलेला आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवणारा पहारेकरी, ज्याला तेथे ‘पोर्टर’ म्हणतात, पुढे चारी बाजूंनी बांधलेला चौक, आणि चौकातून वर जाणारे स्वतंत्र जिने, ज्यांच्या प्रत्येक मजल्यावर दोनचार खोल्या उघडतात, असा हा साधा आराखडा आहे. वाड्याच्या चौकात तुळशीवृंदावन असते, तेथे हिरवळ असते. तिच्यावर पाऊल टाकण्याचा मान बहुतेक ठिकाणी कॉलेजच्या ‘फेलो’ म्हणवणाऱ्या सदस्य-अध्यापकांनाच असून विद्यार्थ्याने आणि प्रवाशाने कडेच्या फरसबंदीवरून चालावयाचे असते. गवत हे चालण्यासाठी नसून पाहण्यासाठी असते, ही कल्पना कोकणातल्या माणसाला पचावयास थोडा वेळ लागतो.

एका दिवसात ३१ घरे पाहण्याचा हट्ट धरणाऱ्याला दरवाजेच तेवढे दिसतात; म्हणून आपले म्हणता येईल असे एक घर निवडून ते नीट पाहणे शहाणपणाचे. कोकणातील रोहे, त्याला लागून असलेले वरसे आणि एकूणच कुंडलिका नदीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या माणसासाठी ही निवड सोपी आहे. महाडजवळच्या नाते गावी १४ जानेवारी १८९६ रोजी जन्मलेले आणि ज्यांचे वडील रोह्यात वकिली करीत ते चिंतामण द्वारकानाथ देशमुख, १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले येऊन आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून, १९१५ मध्ये इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाले.

किंग्ज आणि ट्रिनिटी या कॉलेजांसमोर प्रवाशांची जी झुंबड असते, ती जीझस कॉलेजपर्यंत सहसा पोहोचत नाही. गर्दीच्या रस्त्यांपासून थोडे दूर, जीझस लेन या रस्त्यावर, दोन उंच विटांच्या भिंतींमधून एक अरुंद सरळ वाट दरवाजाकडे जाते. तिला ‘चिमणी’ म्हणतात. मराठी कानाला या शब्दाने आधी पाखरू आणि मग रॉकेलचा दिवा आठवतो, परंतु हिचा दोहोंशी संबंध नाही. ‘वाट’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचा हा अपभ्रंश असल्याचे सांगितले जाते. वाटेच्या टोकाला दरवाजाचा बुरूज आहे. १४९६ मध्ये कॉलेजची स्थापना करणारे ईलीचे बिशप जॉन ऑल्कॉक यांच्या आडनावाचा शेवट इंग्रजीत कोंबड्याच्या नावासारखा होतो, म्हणून त्यांनी पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला कोंबडा हे आपले चिन्ह केले, आणि पुढे हा कोंबडा कॉलेजभर दगडात, लाकडात आणि काचेत शिरला. नावावर केलेली अशी कोटी घराण्याच्या चिन्हात गोठवण्याची पद्धत त्या काळी इंग्लंडात मान्य होती.

ऑल्कॉक यांनी हे कॉलेज मोकळ्या जमिनीवर बांधले नाही. येथे बाराव्या शतकापासून सेंट रॅडेगुंड यांच्या नावाचा बेनेडिक्टाइन ननांचा मठ होता. तो ओस पडत चालला तेव्हा तो बंद करवून त्यांनी त्याच्या भिंती कॉलेजसाठी वापरल्या. त्यामुळे दुसऱ्या चौकात शिरले की शाळेत नव्हे, मठात आल्यासारखे वाटते : चारी बाजूंना छताखालची फिरती ओसरी, जिला ‘क्लॉइस्टर’ म्हणतात, तिच्या एका भिंतीत तेराव्या शतकातील निमुळत्या, एकात एक कोरलेल्या कमानी, आणि पलीकडे ननांचे देऊळ, जे आज कॉलेजचे चॅपल, म्हणजे खाजगी प्रार्थनामंदिर, आहे. त्याचे जुने भाग विद्यापीठाहून जुने आहेत. एकोणिसाव्या शतकात वास्तुकार प्यूजिनने त्याचा जीर्णोद्धार केला आणि पुढे विल्यम मॉरिस व बर्न-जोन्स यांच्या मंडळीने छत आणि रंगीत काचेच्या खिडक्या सजवल्या.

देशमुख या चौकात आले ते पहिल्या महायुद्धाच्या ऐन भरात, जेव्हा इंग्रज तरुण आघाडीवर गेल्यामुळे खोल्या रिकाम्या पडल्या होत्या आणि किंग्ज व क्लेअर कॉलेजांच्या क्रिकेटच्या मैदानावर जखमी सैनिकांचे इस्पितळ उभे होते. त्यांचा विषय निसर्गविज्ञान हा होता, आणि त्याची पदवीपरीक्षा, जिला केंब्रिजमध्ये पूर्वीच्या एका तिपाईवरून ‘ट्रायपॉस’ हे नाव पडले आहे, त्यांनी १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिकासह पार पाडली. विद्यापीठाची वनस्पतिबाग १८४६ पासून स्टेशनच्या वाटेवर आहे. चार्ल्स डार्विनचे गुरू हेन्स्लो यांनी ती मांडली. बागकामाची आवड जन्मभर सांभाळणाऱ्या या माणसाची आठवण ठेवून प्रवाशाने तेथे तासभर घालवावा. गर्दीच्या चौकांत तीन तास घालवण्यापेक्षा ते बरे.

१९१८ मध्ये देशमुख हिंदुस्थानच्या सनदी सेवेच्या, म्हणजे आयसीएसच्या, परीक्षेत पहिले आले. येथे कॉलेजच्या इतिहासातला एक विचित्र धागा जुळतो. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते असे १७९८ मध्ये मांडणारा माल्थस हा याच कॉलेजचा विद्यार्थी आणि फेलो. पुढे १८०५ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात तो हिंदुस्थानात जाणाऱ्या मुलकी अधिकाऱ्यांना अर्थशास्त्र शिकवीत असे. त्याच सनदी नोकरशाहीच्या वारशातून वर चढलेले देशमुख ऑगस्ट १९४३ मध्ये, बंगाल उपासमारीने मरत असताना, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून ते लोकसभेत निवडून गेले. त्याच वर्षी जीझस कॉलेजने त्यांना मानद फेलो केले. मुंबई महाराष्ट्रात असावी की नाही या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे देशमुख महाराष्ट्राला ठाऊक आहेत, वनस्पतिशास्त्रज्ञ देशमुख फारसे नाहीत.

मराठी माणसाची दुसरी ओळखीची दिंडी सेंट जॉन्स कॉलेजची. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉसमध्ये बर्टविसल या विद्यार्थ्याच्या बरोबरीने पहिले, म्हणजे ‘सीनियर रँग्लर’, आले. रँग्लर म्हणजे मुळात वाद घालणारा, आणि मराठीने तो शब्द त्यांच्या नावामागे कायमचा लावला. या कॉलेजचे उंच मनोऱ्याचे चॅपल पाहताना मुंबईकराला काही तरी ओळखीचे वाटते ते उगीच नव्हे : त्याचा वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हाच राजाबाई टॉवरचा वास्तुकार असून, हे चॅपल १८६९ मध्ये पुरे झाले त्याच वर्षी मुंबईत, जेथे तो कधी आला नाही, टॉवरची पायाभरणी झाली. परांजपे यांची कन्या शकुंतला १९२९ मध्ये न्यूनहॅम कॉलेजातून गणिताची ट्रायपॉस उत्तीर्ण झाल्या, मात्र स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास विद्यापीठाला १९४८ उजाडावे लागले. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी १९५७ ते १९७२ या काळात केंब्रिजमध्ये काय पाहिले, ते ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रात आहेच.

किंग्ज कॉलेजचे चॅपल मात्र गर्दी सोसूनही पाहिलेच पाहिजे. १४४६ मध्ये सुरू झालेल्या या इमारतीचे छत जॉन वॉस्टेल या पाथरवटाने १५१२ ते १५१५ या तीन वर्षांत घातले, आणि झावळी उलगडावी तशा दगडी शिरा खांबांतून पसरत जाऊन ८८ मीटर लांबीभर एकमेकींना भेटतात. नदी त्याच्या मागे आहे. कॅम नदीला वेग म्हणून नाही, आणि ‘पंट’ या सपाट तळाच्या होडीत उभे राहून सुमारे पाच मीटर लांबीची काठी तळाच्या चिखलात रोवून होडी पुढे ढकलावी लागते. काठी वर ओढताना पाणी बाहीत शिरते, आणि रुतलेली काठी वेळेवर सोडली नाही तर होडी पुढे जाते व माणूस काठीला लोंबकळत राहतो. भिऱ्याच्या जलविद्युत प्रकल्पातून सुटणाऱ्या पाण्यावर कोलाडला रबरी तराफे उसळताना ज्याने पाहिले आहेत, त्याला हा खेळ झोपाळू वाटेल, पण अंग भिजण्याची खात्री दोन्हीकडे आहे.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून जलद गाडी सुमारे पाऊण तासात केंब्रिजला आणते आणि तेथून गावाचा मध्यभाग मैलभराहून थोडा लांब आहे. एप्रिल ते जून हा परीक्षांचा काळ असल्याने अनेक कॉलेजे तेव्हा प्रवाशांना आत घेत नाहीत, आणि देवडीवरचा नकार विनवणीने बदलत नाही. सत्र चालू असताना मात्र जीझस कॉलेजच्या चॅपलमधील सायंप्रार्थना सर्वांना खुली असते, तिला तिकीट लागत नाही, आणि दिवे लागण्याच्या वेळी ‘चिमणी’तून आत जाणाऱ्याला पोर्टर फक्त क्लॉइस्टरची दिशा दाखवतो.