पावसात ‘लिंक’ का जाते?

आजचे युग विज्ञानाचे आहे असे आपण म्हणतो. तरीही आषाढात खेड्यातील बँकेच्या काउंटरवर ‘पाऊस आहे, लिंक नाही’ हे वाक्य ऐकू येते आणि निवृत्तिवेतनासाठी दोन कोस चालत आलेली आजी मुकाट्याने परत फिरते. आम्ही कारकुनांनी हे वाक्य अनेकदा उच्चारले आहे. कारणावाचून काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण. म्हणून याचेही कारण पाहू.

दुर्गम शाखांचे संगणक अनेक ठिकाणी छपरावरील तबकडीतून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाशी जोडलेले असतात. पाऊस आडवा येतो तो जमिनीलगतच्या थरात. उष्ण कटिबंधात हा थर सुमारे पाच किलोमीटर उंचीपर्यंत असतो. थेंब रेडिओलहरींची शक्ती शोषतात व विखुरतात. लहर जितकी आखूड, तितकी हानी अधिक. सी बँडच्या लहरी पाच ते साडेसात सेंटिमीटरच्या असल्याने बऱ्याच टिकतात. केयू बँडच्या दोन ते अडीच, तर केए बँडच्या एक ते दीड सेंटिमीटरच्या असतात. मुसळधार सरीत केयू बँडची शक्ती दहाव्या हिश्शाच्याही खाली जाऊ शकते. तरी तो वापरतात, कारण त्याला लहान तबकडी पुरते.

यावर उपाय आहेत. तबकडीचा व्यास दीडपट केला, की ती सव्वादोन पट शक्ती गोळा करते. पाऊस वाढताच मुख्य केंद्र प्रक्षेपणाची शक्ती वाढवते. गोंगाटात आपण सावकाश बोलतो, तसा माहितीचा वेग कमी करून संदेश टिकवता येतो. जोरदार सरीचा गाभा काही किलोमीटरचाच असल्याने मुख्य केंद्रे दूर अंतरावर दोन ठेवली, तर एक बहुधा मोकळे राहते. ५ जानेवारी २०१४ रोजी सोडलेल्या जीसॅट-१४ वर इस्रोने केए बँडवरील पावसाच्या परिणामाच्या अभ्यासासाठी खास यंत्रणा बसविली होती.

मात्र प्रत्येक उपायाला खर्च येतो. ‘९९.५ टक्के सेवा’ ऐकायला उत्तम वाटते, पण उरलेला अर्धा टक्का म्हणजे वर्षाला जवळजवळ ४४ तास. पावसामुळे जाणारे हे तास कोकणात बहुतांशी चार महिन्यांतच येतात. ते किती कमी करायचे, हे माणसेच ठरवतात. विद्यार्थी मित्रांनो, ते ठरविणाऱ्यांत उद्या आपलीही मुले असावीत.

तोवर आम्ही एवढे करू शकतो. जोराची सर बहुधा लवकर ओसरते आणि मध्यम पावसात लिंक पुष्कळदा टिकते. म्हणून आता आम्ही म्हणतो, ‘आजी, जाऊ नका. बसा, सर ओसरली की पैसे मिळतील.’