उमेदवाराचं निधन झालं तर मतदान रद्द होतं का? मेसेज पाहून घरी बसण्याआधी हे वाचा

उमरेड : मतदानाला चार-पाच दिवस राहिले असतात. प्रचाराच्या गाड्या गावोगावी फिरत असतात. तेवढ्यात मोबाईलवर मेसेज येतो, "अमुक उमेदवार वारले, आपल्या इकडचं मतदान रद्द." पानटपरीपासून चावडीपर्यंत चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो निवडणूकच नव्याने होणार, कोणी म्हणतो त्या उमेदवाराच्या घरच्याला तिकीट मिळालं. खरं काय, ते कोणालाच नीट सांगता येत नाही.

हा प्रश्न नुसत्या चर्चेचा नाही. मागची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबर २०२४ ला झाली, म्हणजे ऐन कापूस वेचणीत. मतदानासाठी गावी येणाऱ्या माणसाला बुटीबोरी, नागपूर किंवा पुण्याहून येताना गाडीभाडं लागतं. मतदान खरंच पुढे ढकललं असेल तर फेरा वाया जातो. आणि मेसेज खोटा असेल तर घरी बसलेल्याचं मत पाच वर्षांसाठी जातं. म्हणून नियम माहीत असलेला बरा.

नियम समजायला दोन प्रश्न विचारायचे. पहिला, उमेदवार कोणाचा होता, मान्यताप्राप्त पक्षाचा की अपक्ष? दुसरा, निधनाची खबर अधिकाऱ्याकडे कधी पोहोचली, मतदान सुरू होण्याआधी की नंतर?

कायदा काय सांगतो?

लोकसभा आणि विधानसभेसाठी लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ हा कायदा आहे. त्याच्या कलम ५२ मध्ये याची तरतूद आहे.

अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी ११ वाजल्यानंतर मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराचं निधन झालं, छाननीत त्याचा अर्ज वैध ठरला आणि मतदान सुरू होण्याआधी खबर आली, तर निवडणूक निर्णय अधिकारी त्या मतदारसंघातलं मतदान पुढे ढकलतो. त्याआधी निधनाची खात्री करणं त्याचं काम आहे. नुसत्या मेसेजवर आदेश निघत नाही. त्या शेवटच्या दिवशी ११ वाजण्याच्या आधी निधन झालं असेल, तर पक्षाला दुसऱ्याचा अर्ज भरायला वेळ असतो. त्यामुळे मतदान हलवायची गरज पडत नाही.

इथे एक शब्द नीट ध्यानात घ्या. मतदान 'रद्द' होत नाही, 'स्थगित' होतं. म्हणजे निवडणूक तीच राहते, तारीख बदलते. निवडणूक आयोग त्या पक्षाला नोटीस देतो आणि पक्षाला ७ दिवसांत नवा उमेदवार द्यावा लागतो. त्याच्या अर्जाची रीतसर छाननी होते आणि उमेदवारांची नवी यादी लागते. बाकीच्या उमेदवारांनी पुन्हा अर्ज भरायची गरज नाही. त्यांचे अर्ज कायम राहतात. आधी अर्ज भरून मागे घेतलेल्या माणसालाही पक्ष नवा उमेदवार म्हणून उभं करू शकतो.

शेजारच्या बैतूलमध्ये असंच झालं होतं

याचं जवळचं उदाहरण नागपूर–भोपाळ रस्त्यावरच्या बैतूलचं आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तिथे बहुजन समाज पक्षाचे अशोक भलावी उमेदवार होते. मतदान २६ एप्रिलला होतं. ९ एप्रिलला भलावी यांचं हृदयविकाराने निधन झालं. बसपा मान्यताप्राप्त पक्ष असल्यामुळे संपूर्ण बैतूल लोकसभा मतदारसंघातलं मतदान थांबवलं गेलं आणि ते ७ मे रोजी घेण्यात आलं. बसपाने त्यांचा मुलगा अर्जुन भलावी यांना उभं केलं. निवडून मात्र भाजपचे दुर्गादास उईके आले.

राजस्थानात करणपूर विधानसभेत उलट झालं. २५ नोव्हेंबर २०२३ ला मतदान होतं. त्याच्या दहा दिवस आधी काँग्रेसचे गुरमीतसिंग कुन्नर यांचं निधन झालं. बाकी राज्याचं मतदान झालं, निकाल लागला, नवं सरकारही आलं. करणपूरचं मतदान ५ जानेवारी २०२४ ला झालं. तोपर्यंत भाजपने आपल्या उमेदवाराला मंत्रीही करून टाकलं होतं. तरी कुन्नर यांचा मुलगा रूपिंदरसिंग निवडून आला.

दोन्हीकडे पक्षाने घरातलाच माणूस दिला, पण कायद्यात तशी अट नाही. पक्ष कोणत्याही पात्र माणसाला उभं करू शकतो. मतदारसंघ राखीव असेल तर नवा उमेदवारही त्याच प्रवर्गातला लागतो. उमरेड विधानसभा आणि रामटेक लोकसभा हे दोन्ही अनुसूचित जातीसाठी राखीव आहेत.

रामटेकसारखं होत नाही का?

काही जणांना २०२४ चं रामटेक आठवेल. जात प्रमाणपत्राच्या वादात काँग्रेसच्या रश्मी बर्वे यांचा अर्ज बाद झाला आणि त्यांचे पती श्यामकुमार बर्वे उमेदवार झाले, निवडूनही आले. पण ते प्रकरण वेगळं आहे. तिथे छाननीतच मुख्य उमेदवाराचा अर्ज बाद झाला, म्हणून पक्षाने दिलेला पर्यायी उमेदवार पुढे आला. मतदानाची तारीख हलली नाही.

मुख्य उमेदवाराचा अर्ज एकदा वैध ठरला की पर्यायी उमेदवाराचं काम संपतं. त्यानंतर मुख्य उमेदवाराचं निधन झालं, तर पर्यायी माणूस आपोआप त्याच्या जागी बसत नाही. आयोगाची नोटीस, पक्षाचं नवं नाव आणि नवा अर्ज हा सगळा रस्ता पार करावाच लागतो.

अपक्ष उमेदवार गेला तर?

मतदान ठरल्या दिवशीच होतं. अपक्षाच्या मागे पक्ष नसतो, त्यामुळे बदली उमेदवार देणारं कोणी नसतं. नोंदणी झालेल्या पण मान्यता नसलेल्या पक्षांनाही हाच नियम आहे.

२० नोव्हेंबर २०२४ ला बीड विधानसभेचे अपक्ष उमेदवार बाळासाहेब शिंदे मतदान केंद्रावरच हृदयविकाराने कोसळले आणि त्यांचं निधन झालं. एक तर ते अपक्ष होते आणि दुसरं म्हणजे मतदान सुरू झालेलं होतं. त्यामुळे बीडची निवडणूक पुढे सरकली नाही, निकालही ठरल्याप्रमाणे लागला.

आता कोणी म्हणेल, गेलेल्या माणसालाच लोकांनी निवडून दिलं तर? तसंही झालं आहे. २०१४ मध्ये आंध्र प्रदेशात आळ्ळगड्डा इथे वायएसआर काँग्रेसच्या शोभा नागी रेड्डी यांचं मतदानाच्या दोन आठवडे आधी अपघातात निधन झालं. तेव्हा त्यांच्या पक्षाला मान्यता नव्हती, म्हणून मतदान थांबलं नाही. यंत्रावर त्यांचं नाव राहिलं आणि लोकांनी त्यांनाच निवडून दिलं. मग जागा रिकामी धरून पोटनिवडणूक झाली आणि त्यांची मुलगी अखिलप्रिया बिनविरोध निवडून आली.

अपक्षाला वेगळा न्याय कशाला?

आधी असं नव्हतं. १९९२ पर्यंत कोणताही उमेदवार, अगदी अपक्षही, मतदानाआधी गेला तर त्या मतदारसंघाची निवडणूक थांबवावी लागत असे. याचा धोका पंजाबमध्ये दिसला. १९९१ च्या निवडणुकीत दहशतवाद्यांनी तिथे अनेक उमेदवारांना ठार मारलं. एखाद्या अपक्षाला मारलं तरी अख्ख्या मतदारसंघाचं मतदान अडत होतं. म्हणजे निवडणूक थांबवायची किल्लीच बंदूकवाल्याच्या हातात गेली होती.

म्हणून १९९२ मध्ये कायदा बदलला आणि हा नियम फक्त मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारापुरता ठेवला. १९९६ मध्ये आणखी सुधारणा झाली. निवडणूक मोडण्याऐवजी मतदान स्थगित करायचं आणि पक्षाला ७ दिवस द्यायचे, ही आजची पद्धत तेव्हापासूनची आहे. अपक्षाच्या जिवाला कमी किंमत आहे, असा याचा अर्थ नाही. कोणाच्या जिवावर उठून निवडणूक थांबवता येऊ नये, हा त्यामागचा विचार आहे.

मतदान झाल्यावर, निकालाच्या आधी निधन झालं तर?

मतमोजणी होतेच. उत्तर प्रदेशात मुरादाबादला १९ एप्रिल २०२४ ला मतदान झालं आणि दुसऱ्याच दिवशी भाजप उमेदवार सर्वेश सिंह यांचं निधन झालं. मोजणी ठरल्याप्रमाणे झाली. तिथे समाजवादी पक्षाच्या रुची वीरा जिंकल्या, म्हणून पुढचा प्रश्न आला नाही. सर्वेश सिंह जिंकले असते तर पोटनिवडणूक घ्यावी लागली असती. १९९१ मध्ये अमेठीत तेच झालं. २० मे रोजी मतदान झालं, २१ मे रोजी राजीव गांधी यांची हत्या झाली, मोजणीत ते विजयी ठरले आणि नंतर तिथे पोटनिवडणूक झाली. अशी रिकामी जागा साधारणपणे ६ महिन्यांत भरावी लागते.

अनामत रकमेचं काय?

मतदान सुरू होण्याआधी उमेदवाराचं निधन झालं तर अनामत जप्त होत नाही. ती त्याच्या कायदेशीर वारसाला परत मिळते. विधानसभेला ही रक्कम १० हजार रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार रुपये आहे. लोकसभेला ती २५ हजार आणि साडेबारा हजार आहे. दुःखात असलेल्या घराला ही गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगितली.

ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेला हाच नियम का?

नाही. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगर परिषद आणि नगर पंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्यांचे निवडणूक नियम वेगळे आहेत. १९५१ चा कायदा तिथे जसाच्या तसा लागू होत नाही. ग्रामपंचायत तर पक्षाच्या चिन्हावर लढलीच जात नाही, त्यामुळे 'पक्षाने दुसरा उमेदवार द्यावा' ही वाटच तिथे नाही. अशा वेळी लोकसभेचा नियम गावाला लावून भांडत बसू नका. तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत जा आणि लेखी आदेश बघा.

मेसेज आला तर काय करायचं?

मतदान पुढे ढकलल्याचा आदेश निवडणूक निर्णय अधिकारी काढतो. विधानसभेला हे काम साधारणपणे उपविभागीय अधिकाऱ्याकडे असतं, लोकसभेला जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. त्याच्या सहीचा आदेश दिसत नाही तोवर मतदान आहे असंच समजायचं. शंका असेल तर गावच्या बीएलओला विचारा किंवा १९५० या मतदार मदत क्रमांकावर फोन लावा.

आणि मतदान कुठवर थांबतं तेही ध्यानात ठेवा. लोकसभेच्या उमेदवाराचं निधन झालं तर काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी आणि रामटेक या सहाही विधानसभा क्षेत्रांतलं लोकसभेचं मतदान थांबेल. उमरेड विधानसभेच्या उमेदवाराबाबत असं झालं तर उमरेड, भिवापूर, कुहीकडच्या मतदारांचंच थांबेल. शेजारच्या मतदारसंघात निधन झालं म्हणून आपलं मतदान थांबत नाही.

उमेदवार गेल्याची बातमी खरी असू शकते आणि तरीही मतदान ठरल्या दिवशीच असू शकतं. म्हणून श्रद्धांजलीचा मेसेज पुढे पाठवा, पण 'मतदान रद्द'चा मेसेज आदेश पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नका.