काचेच्या खोलीतला हॉट टब: खरा प्रश्न वाफेचा

न्यू जर्सी किंवा टोरांटोच्या हिवाळ्यात घराला जोडलेल्या सनरूममध्ये हॉट टब बसवायचा म्हटलं की पहिली शंका वजनाची येते. ती रास्तच आहे. दीड हजार लिटर पाणी म्हणजे दीड टन. टब आणि चार-पाच माणसं धरली की भार दोन टनांपुढे जातो. अमेरिकेत घरांच्या लाकडी जमिनी साधारणपणे चौरस फुटाला ४० पौंड भार धरून बांधतात, भरलेला टब १००च्या आसपास भार टाकतो. पण खाली मातीवर टेकलेला काँक्रीटचा थर घातला की हा प्रश्न एकदाच सुटतो. वाफेचा प्रश्न रोजचा आहे, आणि बहुतेक गैरसमज तिथेच आहेत.

काच कुजत नाही, म्हणून टबाला सनरूमच योग्य, असं मानलं जातं. पण हिवाळ्यात खोलीतला सर्वांत थंड पृष्ठभाग काचेचाच असतो आणि हवेतल्या बाष्पाचं पाणी तिथेच होतं. खोलीत २२ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर साधारण १४ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. बाहेर उणे ५ असताना एकेरी काचेची आतली बाजू जेमतेम दोन अंशांवर असते, साधी दुहेरी काच बाराच्या आसपास. दोन्ही ओघळतात. ते पाणी चौकटीच्या खाचेत उतरतं, तिथून लाकडात आणि भिंतीच्या पोकळीत मुरतं. काच पुसून घेता येते. बुरशी धरते ती या न दिसणाऱ्या जागी. लो-ई, म्हणजे उष्णता परत खोलीत वळवणाऱ्या लेपाची काच बरीच चांगली, तरी तिच्या कडा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी थंडच राहतात.

यावर हमखास उत्तर येतं: झाकण घट्ट लावू, खिडकी उघडू. झाकणाने बाष्पीभवन खरोखरच मोठ्या प्रमाणात थांबतं, पण टब वापरायचा तर ते काढावंच लागतं, आणि तेव्हा पाणी ४० अंशांपर्यंत तापलेलं, जेट्स सुरू. खिडकीचा उपाय हिवाळ्यात लागू पडतो, कारण बाहेरची थंड हवा कोरडी असते. मात्र त्याची किंमत हीटिंगच्या बिलात मोजावी लागते. जुलैत बाहेरचीच हवा दमट, तेव्हा उघड्या खिडकीतून ओलावा आत येतो. दिवसाच्या उन्हाने बिल वाचेल ही आशाही फोल आहे: टब वापरला जातो बहुधा रात्री, आणि तेव्हा हीच काच उष्णता बाहेर सोडते. म्हणून थेट बाहेर हवा फेकणारा पंखा, डीह्युमिडिफायर आणि भिंतीच्या उबदार बाजूला बाष्परोधक थर या तिन्हींची तजवीज बांधकामातच हवी.

क्लोरीनचा उग्र वास म्हणजे पाणी शुद्ध, हा समज सर्वांत धोक्याचा. घाम आणि त्वचेच्या मळाशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन्स तयार होतात, तो वास त्यांचा; बंद खोलीत ती डोळ्यांना आणि श्वासाला झोंबतात. शिवाय असं खर्ची पडलेलं क्लोरीन जीवाणू मारायला मुक्त उरत नाही. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेलच्या फुलांच्या प्रदर्शनात एका मांडलेल्या टबाच्या तुषारांतून लीजनेला जीवाणू पसरले आणि तीसहून अधिक माणसं दगावली. आजारी पडायला टबात उतरावं लागलं नव्हतं, तिथली हवा श्वासात जाणं पुरलं. म्हणून मुक्त क्लोरीन किमान ३ पीपीएम आहे का, हे टब वापरण्याआधी चाचणीच्या पट्टीनेच तपासायला हवं.