पाठीवर किती ओझं?
अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेन राज्यातल्या कटाडिनपर्यंत जाते. १४ राज्यं, सुमारे ३,५०० किलोमीटर. सलग चालणाऱ्याला साधारण पाच ते सात महिने लागतात.

एवढं चालायचं तर पाठीवरचं ओझं हलकं हवं. अन्न, पाणी आणि इंधन वगळून सामान साडेचार किलोंच्या आत बसवलं, तर त्याला ‘अल्ट्रालाइट’ म्हणतात. वजन कमी करायचं तर आधी तंबू, स्लीपिंग बॅग आणि खुद्द सॅक पाहावी. मोठा भार त्यांचाच. पाण्यात मात्र काटकसर नको. लिटरमागे किलोभर वजन वाहावंच लागतं.

१९५५ मध्ये ६७ वर्षांच्या एमा गेटवुड ॲपलाचियन ट्रेलची ही वाट एकट्या चालल्या. अकरा मुलांची आई! पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली झोळी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. त्यांच्या जिद्दीपुढे मान झुकते, पण थंडी-पावसात तंबूशिवाय निघण्याचं अनुकरण कुणी करू नये. एका हंगामात एकटीनं ही वाट पुरी करणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९५७ मध्ये त्या पुन्हा चालल्या आणि पुढे टप्प्याटप्प्यानं तिसऱ्यांदाही.